फॅन आर्ट, अर्धं टेबल आणि सोळा पानं

तुझं पत्र वाचलं. दोन वर्षं तू कॉमिक कन्व्हेन्शनला जातेस, आवडत्या पात्रांनी पाच स्केचबुकं भरली आहेत आणि चार महिन्यांनी होणाऱ्या दोन दिवसांच्या कन्व्हेन्शनमध्ये आर्टिस्ट अ‍ॅलीत (चित्रकार स्वतःचं काम मांडून विकतात त्या भागात) तुला पहिल्यांदाच अर्धं टेबल मिळालंय. आईचं म्हणणं, हा छंद आहे, यावर पोट भरत नाही. तुझे प्रश्न दोन: फॅन आर्ट, म्हणजे आवडत्या पात्रांची चित्रं, सोडून ‘खरी’ चित्रकला सुरू करू का, आणि टेबलवर काय मांडू?

फॅन आर्ट मुळीच सोडू नकोस. टोकियोतलं कॉमिकेट १९७५ साली सुरू झालं ते हौशी गटांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांच्या, म्हणजे दोजिनशींच्या देवाणघेवाणीसाठी. क्लॅम्प या चित्रकर्तींच्या गटाची सुरुवातही दोजिनशींनीच झाली आणि १९८९ पासून त्या व्यावसायिक मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढू लागल्या. यात तुझ्या कामाची गोष्ट एकच आहे: ही मंडळी पुस्तिका पुरी करत होती. तुझ्या पाच स्केचबुकांत, तूच लिहिलंयस तसं, सलग गोष्टीचं एकही पान नाही. करिअरचा प्रश्न तिथे अडलाय, फॅन आर्टपाशी नाही.

म्हणून या चार महिन्यांत एक सोळा पानी कॉमिक काढ. ए४ चे चार कागद मधोमध दुमडले की ए५ आकाराची सोळा पानं होतात. पहिलं पान मुखपृष्ठ, सोळावं मलपृष्ठ, दुसऱ्यावर नाव आणि श्रेय, पंधराव्यावर तुझी ओळख. गोष्टीला उरली बारा पानं. नवख्या हाताला पेन्सिल, इंकिंग (पेन्सिलीवर शाईच्या रेघा) आणि अक्षरं धरून एका पानाला आठेक तास लागतात, म्हणजे एकूण ९६ तास. आठवड्याला आठ तास दिलेस तर बारा आठवडे. चार महिन्यांच्या सोळा आठवड्यांपैकी उरलेल्या चारांत एक रफ काढायला, दोन छपाईला आणि एक घसरगुंडीसाठी. घसरगुंडी होतेच.

चित्राला हात लावण्याआधी चार कोरे कागद दुमडून डमी बनव, पानांना आकडे घाल आणि काड्यांची माणसं काढून अख्खी गोष्ट त्यात बसव. डमी हातात आली की कळतं, पान चार आणि पाच समोरासमोर उघडतात. गोष्टीतला धक्का पाचव्या पानावर ठेवलास तर चौथं वाचतानाच डोळा तिकडे जातो आणि मजा संपते. धक्का नेहमी डावीकडच्या, सम आकड्याच्या पानावर, म्हणजे तो पान उलटल्यावरच दिसतो. आता डमी सोडवून कागद बघ: एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दर वेळी १७. छापायला देण्याआधी ही बेरीज तपास, पानं उलटसुलट लागण्याची चूक तिथेच सापडते. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटायची सेटिंग निवड. लांब कडेची निवडलीस तर मागची बाजू उलटी, डोकं खाली छापून येते.

मूळ चित्र ए४ वर काढ. ए५ करताना ते सुमारे ७१ टक्के होतं, रेघ घट्ट दिसते, पण अक्षरंही आक्रसतात: तीन मिलिमीटरचं अक्षर जेमतेम दोन मिलिमीटरचं उरतं. देवनागरीत तर वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. ओळी जवळ घेतल्यास की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून आधी संवाद लिही, मग त्याभोवती फुगा काढ. आधी फुगा काढून त्यात मजकूर कोंबणं ही नवशिक्यांची हमखास चूक. चित्र कडेपर्यंत न्यायचं असेल तर चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा कड, ठेव (पान १५४ × २१६ मिलिमीटर होईल) आणि अक्षरं कडेपासून किमान आठ मिलिमीटर आत. काळ्या-पांढऱ्या रेषा ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर, रंगीत मुखपृष्ठाला ३०० पुरेत. मुखपृष्ठाची एक चाचणी प्रत आधी काढ. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि हिरवा शाईत मळकट उतरतो, आणि हे पन्नास प्रती हातात पडल्यावर कळलं तर फार जिव्हारी लागतं.

आता टेबल. अर्ध्या टेबलावर सगळं आडवं मांडलंस तर दोन पावलांवरून काहीच दिसत नाही. डोळ्यांच्या उंचीचा एक स्टँड आण, पुढे पुस्तिका आणि चाळायला एक वेगळी प्रत. किमती ठळक लिही, कारण विचारायला लाजणारे तसेच पुढे जातात. सुट्टे पैसे घरूनच आण. स्केच काढून देणार असशील तर आकडा आधी ठरव. सहा तासांत वीस मिनिटांची अठरा स्केचेस कागदावर बसतात, पण मधे गप्पा, विक्री, जेवण आहे. दिवसाला आठ घे, तीही फक्त चेहरा किंवा खांद्यापर्यंत. दुसऱ्याच्या स्केचबुकात काढताना पानाखाली जाड कोरा कागद ठेव, अल्कोहोल मार्कर खालच्या पानावर उतरतो. आणि शाई पुरती वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नकोस.

आवडत्या पात्रांचे प्रिंट विकण्याबद्दल: पात्रांचे हक्क त्यांच्या मालकांचे असतात. कुणी हरकत घेत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. आयोजकांचे नियम आणि त्या कंपनीने फॅन आर्टबद्दल काही जाहीर केलं असेल तर तेही वाच. अधिकृत लोगो वापरू नकोस, दुसऱ्याचं चित्र गिरवू नकोस. टेबलवर निम्म्याहून जास्त तुझी स्वतःची पात्रं असू देत.

पोर्टफोलिओ बघणारी मंडळी आली तर दहा-बारा पानं दाखव आणि त्यात तीन-चार सलग हवीतच. एकट्या उभ्या देखण्या पात्रातून रेषा कळते, पण एकच चेहरा पाच कोनांतून तोच राहतो का, हात टाळलेत का, खोलीत दार कुठे आहे हे सलग पानांतच दिसतं. दोन माणसं नुसती बोलताहेत असं एक पान मुद्दाम ठेव, ते सगळ्यात अवघड असतं.

आणि तुझी स्केचबुकं पुन्हा एकदा चाळ. पोशाख आणि शस्त्रं पुन्हा पुन्हा काढली असशील तर कॅरेक्टर डिझाइन, कन्सेप्ट आर्टकडे (सिनेमा-गेमसाठी पात्रं आणि त्यांचं जग आधी चित्रातून ठरवणं) बघ. हावभाव आणि हालचाल जास्त असेल तर स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी प्रसंग चित्रांत मांडणं. पत्रात तू अक्षरांबद्दल अर्धं पान लिहिलंयस, म्हणून सांगते: लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं घालणं, हेही कॉमिकमधलं पगारी काम आहे, आणि मन लावून ते शिकणारे थोडे. यासाठी व्हेक्टर सॉफ्टवेअर (कितीही मोठं केलं तरी रेघ न फाटणारी चित्रं काढणारं) आणि टाइपची, म्हणजे छापील अक्षरवळणांची, ओळख आजपासून सुरू कर.

आईशी वाद घालू नकोस. तिला ते ९६ तास लिहिलेली वही दाखव, पानापानाला किती लागले ते. पुस्तिका छापून आली की पहिली प्रत तिच्या हातात दे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास तिला टेबलावर बसव, सुट्टे पैसे तिच्याकडे दे आणि तू हॉलमध्ये फिरून ये. दोन दिवस टेबलामागे अडकून पडलीस तर ज्या जत्रेसाठी जातेस तीच बघायची राहील.