राष्ट्राध्यक्ष आपल्या सल्लागारांबद्दल, मुत्सद्देगिरीबद्दल, पत्रकारांबद्दल मनातलं खरं कुठे बोलून ठेवतात का? अस्सल असं काही ऐकायला-वाचायला मिळेल का?

तुम्हाला बहुतेक आत्मचरित्रांची यादी पाहिजे असणार. ती मी देत नाही. आत्मचरित्र निवृत्तीनंतर लिहितात, तोवर सगळे काटे घासून गुळगुळीत झालेले असतात. अस्सल पाहिजे तर केनेडीची ४ नोव्हेंबर १९६३ ची टेप ऐका. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा रात्री साडेअकरा वाजले होते, गॅसवर दूध तापत ठेवलं होतं आणि ते सगळं उतू गेलं, बायको अजून बोलून दाखवते. का उतू गेलं ते सांगतो.

दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष दिएम, अमेरिकेच्या पैशावर उभा असलेला माणूस. १ नोव्हेंबरला सायगावमधे त्याच्याच जनरल लोकांनी बंड केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याचा भाऊ न्हू याला चिलखती गाडीत मारून टाकलं. त्यानंतरच्या सोमवारी केनेडी डिक्टाफोनसमोर बसून एकटाच बोलतोय. भाषण नाही, समोर कोणी नाही. म्हणतो, याची बरीचशी जबाबदारी आपल्यावर आहे आणि सुरुवात झाली ती ऑगस्टमधे आपण सायगावला पाठवलेल्या तारेपासून. ती तार नीट लिहिलेली नव्हती. शनिवारी तर ती पाठवायलाच नको होती. आणि संरक्षणमंत्री मॅकनमारा आणि सेनाप्रमुखांचा प्रमुख जनरल टेलर यांना टेबलाभोवती बसवून त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय मी तिला होकार द्यायला नको होता.

शनिवारी! अणुबॉम्ब ज्याच्या हुकुमात तो माणूस वारावरून हळहळतोय. इथे माझं दूध उतू गेलं.

कारण मीही अध्यक्ष होतो. हसू नका, ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा का असेना, पाच वर्षं चेअरमन होतो. आमच्याकडे एक वॉचमन होता, अकरा वर्षं, सगळे त्याला काका म्हणायचे, जिन्याखालच्या खोलीत राहायचा. एका मेंबरच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली आणि कुजबुज सुरू झाली की काकाला रात्री डुलकी लागते, किंवा त्याहून वाईट. मी भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेलेलो. शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन, मागे बँड वाजतोय, हे काहीतरी वाचून दाखवतायत, मला ऐकू आलं ते "एजन्सीला पत्र", "बदली माणूस", आणि "बाकी सगळ्यांचं ठरलंय, फक्त तुमचा होकार पाहिजे, आज नाही गेलं तर पुढचा महिना लागेल". मी म्हणालो, सगळ्यांचं ठरलंय ना, मग पाठवा. तेवढंच. एका हातात अक्षता होत्या माझ्या.

सोमवारी दुपारी परत आलो तर गेटबाहेर काकाची वळकटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि गणपतीचा फोटो उलटा टेकवून ठेवलेला, काच भिंतीकडे. काका स्वतः कुठे दिसला नाही. नंतर कळलं, खजिनदार मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, त्याला सांगितलं चेअरमनचं ओके आहे. दुसरा मेंबर शिर्डीच्या रांगेत, त्याला सांगितलं खजिनदार तयार आहे. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याच्या होकारावर होकार दिलेला आणि मुळात कोणीच काही ठरवलेलं नव्हतं! आणि एजीएममधे मी विषय काढला तर सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, साहेब, तुम्हीच तर हो म्हणालात. बॅटरी कोणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता ती तार बघा. २४ ऑगस्ट १९६३, शनिवार. (टेपमधे केनेडी ऑगस्टची सुरुवात म्हणतो, ते चुकलंय त्याचं.) केनेडी हायनिस पोर्टला, समुद्रकाठच्या घरी. परराष्ट्रमंत्री रस्क न्यूयॉर्कला, मॅकनमारा सुट्टीवर, गुप्तहेर खात्याचा, म्हणजे सीआयएचा प्रमुख मॅकोन गावाबाहेर. मागे राहिले परराष्ट्र खात्यातले हॅरिमन, हिल्समन आणि व्हाइट हाउसमधला फॉरेस्टल, यांनी मजकूर लिहिला. त्याच खात्यातल्या जॉर्ज बॉलने केनेडीला फोन लावला, केनेडी म्हणाला बाकीच्यांची हरकत नसेल तर जाऊ दे. संरक्षण खात्याच्या माणसाला सांगितलं राष्ट्राध्यक्ष आणि रस्क तयार आहेत. जनरल टेलरला कळलं तेव्हा तार गेलेली होती. तारेत सायगावचा राजदूत लॉज याला कळवलं होतं की दिएम भावाला दूर करत नसेल तर दिएमलाही वाचवता येणार नाही, अशी तयारी ठेवा. शिर्डीच्या रांगेतल्या माणसाला फोन करण्याचीच पद्धत आहे ही, फरक इतकाच की इथे एक देश होता.

सल्लागारांबद्दल विचारलंत ना, तर त्या टेपमधे तो सरळ नावं घेतो. बंडाच्या विरोधात कोण: टेलर, स्वतःचा भाऊ बॉबी, थोडा कमी प्रमाणात मॅकनमारा, आणि मॅकोन. बाजूने कोण: परराष्ट्र खातं, म्हणजे हॅरिमन, बॉल, हिल्समन, आणि फॉरेस्टल. लॉजबद्दल म्हणतो की पुढच्या तारांमधून मी तोल सावरला, पण त्या पहिल्या तारेने त्याला ज्या वाटेवर ढकललं तिकडे त्याचा कल आधीच होता. आणि हा लॉज कोण, तर ज्याला केनेडीने १९५२ मधे सिनेटच्या निवडणुकीत पाडलं तोच. विरोधी पक्षाचा माणूस राजदूत नेमला, आता भोगा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की आधी स्वतःची चूक सांगतो आणि मग बाकीच्यांची नावं. आमच्या एजीएममधे क्रम बरोबर उलटा होता, आणि दुसऱ्या भागापर्यंत तर कोणी पोचलंच नाही.

मधेच त्याचा मुलगा येतो, जॉन, तीन वर्षांचा व्हायला तीन आठवडे बाकी. मशीन चालूच. बाप विचारतो पानं का गळतात, बर्फ का पडतं, पोरगं बोबडं सांगतं, हिवाळा आहे म्हणून. मग विचारतो, आपण हायनिस पोर्टला कधी जातो? उन्हाळा असतो म्हणून, असं काहीतरी उत्तर. तेच घर, जिथून त्याने फोनवर हो म्हटलं होतं. पोरं गेल्यावर आवाज खाली येतो आणि तो म्हणतो की दिएम आणि न्हूच्या मरणाने मला धक्का बसला, मी दिएमला पूर्वी भेटलो होतो, असामान्य माणूस होता, शेवटी शेवटी त्याच्याशी जमवणं कठीण झालं तरी दहा वर्षं त्याने देश एकत्र ठेवला. यानंतर अठरा दिवसांनी केनेडी स्वतः गेला.

पत्रकारांचं थोडक्यात. लोक त्याला पत्रकारांचा लाडका म्हणतात, होताही, पण १९६२ मधे चिडून व्हाइट हाउसमधे येणारा एक अख्खा पेपर बंद केला, न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून. त्याहून वाईट म्हणजे बंडाच्या जेमतेम दहा दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, न्यूयॉर्क टाइम्सचा नवा मालक भेटायला आला तर त्याला सुचवलं की सायगावचा तुमचा हॅल्बरस्टॅम हलवता येईल का. पोरगं २९ वर्षांचं, सरकार सांगत होतं त्याच्या उलट लिहित होतं. मालकाने नाही म्हटलं, उलट हॅल्बरस्टॅमची ठरलेली रजा रद्द केली, म्हणजे दबावाखाली हलवला असं कोणाला वाटायला नको. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. इतके सल्लागार पगारावर ठेवून खरी खबर देत होता तो फुकटचा पत्रकार, आणि साहेबांना त्याचीच बदली पाहिजे होती.

मुत्सद्देगिरीवर क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या पेचाच्या वेळच्या टेपा आहेत, ऑक्टोबर १९६२ च्या, त्यावर स्वतंत्र प्रश्न टाका. एवढंच सांगतो की १९ तारखेला हवाई दलाचा प्रमुख लमे तोंडावर म्हणाला की क्युबाची नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकसारखं, हिटलरपुढे घातलं तसं लोटांगण, केनेडीने ऐकून घेतलं, आणि केनेडी खोलीबाहेर गेल्यावर जनरल लोक आपापसात लमेची पाठ थोपटतायत तेही टेपवर आलंय, मशीन चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि आपल्या दिल्लीतला राजदूत गॅलब्रेथ परराष्ट्र खात्याला वळसा घालून थेट केनेडीला पत्रं लिहायचा, व्हिएतनाममधे अडकू नका म्हणून. तो टेबलाभोवती नव्हता, म्हणून उपयोग झाला नाही.

माझा सल्ला, तुम्ही कुठल्याही कमिटीवर असाल तर फोनवर हो म्हणू नका, शनिवारी तर नाहीच. "सगळ्यांचं ठरलंय" असं कोणी म्हणालं की त्यातल्या एकाला स्वतः फोन लावा. आणि जो म्हणेल "तुम्हीच हो म्हणालात" त्याला सांगा, हो, मी म्हणालो, ती माझी चूक, पण मला खोटं सांगितलंस ती तुझी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी सहा वर्षं समजावतोय.

हां, एक राहिलं. टेपही पूर्ण सरळ नसते. बटण केनेडीच्या हातात होतं, रेकॉर्डिंग चालतं हे मोजक्या माणसांना ठाऊक, बाहेरच्या जगाला कळलं १९७३ मधे. तेव्हा इतिहासासाठी थोडं सावरून बोलला असेलच, आमचे मेव्हणे हेच म्हणतात आणि पूर्ण चुकीचं नाहीये. पण सावरून बोलणारा माणूस वार कशाला सांगेल?

ऑडिओ केनेडी लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे. मी लिंक सेक्रेटरींना पाठवली होती, खाली काहीही न लिहिता. दोन निळ्या टिका आल्या, एवढंच.