बंदूक परत हवी तर आधी आदेश वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बांधावरून झालेल्या मारामारीच्या खटल्यातून निर्दोष सुटलास, बरं झालं. पण ‘कोर्टानेच सोडलंय, आता बंदूक पोलिसांनी घरी आणून द्यायला हवी’ असं जे तू लिहिलं आहेस, तिथे तुझी गल्लत होते आहे. तुझा शेती संरक्षणाचा परवाना कोर्टाने रद्द केलेला नाही. तो ओरोसहून, सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयातून, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या म्हणजे कलेक्टरांच्या सहीने रद्द झाला आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ मध्ये या दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. याच कायद्याखालच्या गुन्ह्यात शिक्षा देताना कोर्टाने परवाना काढून घेतला असेल, तर पुढे ती शिक्षा रद्द होताच तो आदेशही रद्द ठरतो. प्रशासनाच्या आदेशाचं तसं नाही. तू दहा वेळा निर्दोष सुटलास तरी तो आदेश फायलीत जिवंत राहतो. तो अपिलातच उलटवावा लागतो.

म्हणून आधी आदेश काढ आणि शांतपणे वाच. कलम १७(३) खाली रद्द करण्याची कारणं मोजकीच आहेत: माणूस परवान्याला अपात्र ठरणं, सार्वजनिक शांतता व सुरक्षितता, अर्जात माहिती दडवणं, अटींचा भंग, मागूनही परवाना हजर न करणं. तुझ्या आदेशात यातलं कोणतं कारण आहे, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. माहिती दडवल्याचा ठपका असेल तर काम अवघड आहे, आधीच सांगतो. ‘सार्वजनिक शांतता’ असेल तर लढायला जागा आहे, कारण हे कारण सगळ्यात सैलपणे वापरलं जातं. पोलीस ठाण्याचा अहवाल येतो, ‘अर्जदारावर गुन्हा दाखल आहे’, आणि त्याच वाक्यावर आदेश निघतो. नुसता गुन्हा दाखल असणं किंवा खटला चालू असणं परवाना रद्द करायला पुरेसं नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. ते निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण जोडावेत, वजन पडतं.

आदेशात कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तू मागितल्यास त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तरच नकार देता येतो. ते माग. पोलिसांच्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात माग. कारणे दाखवा नोटीस आली होती का, उत्तर दिलं होतंस का, सुनावणी झाली का, तेही कळव. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, कलेक्टर कसे चुकले हे मात्र दोन पानं आहे.

अपिलात ‘बंदूक बाळगण्याचा माझा हक्क आहे’ हे वाक्य नको. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून अनेक जण ते लिहून आणतात. तिथे तो राज्यघटनेत आहे, आपल्याकडे नाही. तू एवढंच दाखव की आदेशातलं कारण टिकत नाही. भांडणाच्या दिवशी ठासणीची बंदूक घरात होती, ती कुणी बाहेर काढली नाही, मुद्देमालात तिचं नाव नाही. हे तुझं सगळ्यात भक्कम म्हणणं, म्हणून पहिल्या पानावर ते घे. सातबारा जोड, वानर आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे वनखात्याचे पंचनामे जोड. मात्र ‘डुक्कर मारायला बंदूक हवी’ असं चुकूनही लिहू नकोस. परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, ती वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते. त्या कायद्याखाली दोषी ठरलास आणि गुन्ह्यात ती बंदूक वापरलेली असेल, तर कोर्ट परवाना रद्द करून दोषी ठरल्यापासून पाच वर्षं अपात्र ठरवू शकतं.

आणखी एक तपासून घे. त्या भांडणात तुझ्यावर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, झाली होती का? शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून देण्याचा आदेश झाला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत शस्त्र अधिनियमाचं कलम ९ आडवं येतं, त्या काळात बंदूक बाळगता येत नाही, अपील कितीही चांगलं असो.

अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस, ती तुझी कधीच उलटली. म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. ‘खटल्याच्या निकालाची वाट पाहत होतो’ हे कारण खरं आहे, तेच लिहू. मान्य होईल याची हमी देत नाही. तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, पण स्थगिती मिळाली नाही तर तोवर आदेश लागू राहतो. आयुक्तांचा निर्णय अंतिम; त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका. आणि अपील मुदतीवरच अडलं, तर नव्याने अर्ज करायला तुला बंदी नाही. तू नाक मुरडशील, पण कधीकधी तोच जवळचा रस्ता ठरतो.

बंदूक ठाण्यात जमा केल्याची पावती तुझ्याकडे आहे ना? परवाना गेल्यावर बंदूक घरी ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे जमा केलीस ते योग्यच. पण जमा शस्त्र ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा पात्र माणसाला विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून अपील दाखल होताच त्याची एक प्रत ठाण्यात दे आणि पोच घे. नळीला गंज धरू नये म्हणून काय करता येईल, तेही तिथेच विचार. आपल्या पावसात ती वर्षभर कोरडी राहत नाही.

येत्या रविवारी ये. आदेश, निकालाची नक्कल, जमा पावती आणि जुना परवाना, सगळं मूळ घेऊन ये.

तुझा,
वकीलकाका

ता. क. तुझ्या चुलतभावाने आजोबांच्या काडतुसाच्या बंदुकीचं विचारलं होतं. त्याला सांग, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. आजोबा आहेत तोवर अर्ज करा. नंतर सगळ्या वारसांच्या ना हरकतीसाठी मुंबई, पुणे, बडोदा फिरावं लागेल.