कालवड खुरटलेली, गायी उलटतायत: आधी तपासायचं कोणाला?

प्रश्न (निपाणी भागातील दूध उत्पादक): गेल्या वर्षी बाजारातून गाभण एचएफ गाय आणली. तिची कालवड वाढतच नाही, सारखी हगवते. त्यानंतर दोन गायी उलटतायत (भरवल्या तरी पुन्हा माजावर येतायत), एकीनं पाचव्या महिन्यात गाभ टाकला. गाभ टाकायला लावणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूची तपासणी निगेटिव्ह आली. बाकीच्या लसी वेळेवर आहेत. मग हे काय? आणि दूध घरात वापरावं का?

उत्तर: बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया, म्हणजे गुरांची विषाणूजन्य हगवण) या आजाराचा संशय घ्यायला जागा आहे. नावात हगवण असली तरी खरं नुकसान गर्भात होतं. गाय साधारण 40 ते 120 दिवसांची गाभण असताना हा विषाणू लागला, तर पोटातल्या वासराचं शरीर त्याला परका मानतच नाही. असं वासरू जगलं तर नाकातून, लाळेतून, शेणातून जन्मभर विषाणू सोडत राहतं. आई मात्र दोन-तीन आठवड्यांत बरी होते. गाभण म्हणून आपण हजारो रुपये जादा मोजतो, पण पोटात काय आलंय ते कोणी बघत नाही.

म्हणून सुरुवात कालवडीपासून करा. पशुवैद्यकीय दवाखान्यातून तिच्या कानाच्या पाळीचा वाटाण्याएवढा तुकडा काढून घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी अँटीजेन किंवा पीसीआर तपासणीच मागा. नुसत्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं) तपासून उपयोग नाही. जन्मजात बाधित जनावरात बहुधा त्या सापडतच नाहीत. पॉझिटिव्ह आलं तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. तात्पुरती लागण असेल तर तोवर सहसा ओसरते.

सगळा गोठा तपासायचा खर्च झेपत नसेल तर आधी सगळी वासरं तपासा. जन्मजात बाधित गायीचं वासरू बाधितच जन्मतं, त्यामुळे वासरू निगेटिव्ह आलं की त्याची आईही सुटली. उरलेल्या गायी आणि कालवडी मग घ्या. सगळीच बाधित जनावरं खुरटी नसतात. काही धडधाकट दिसतात, दूधही देतात, आणि तीच जास्त घात करतात.

दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली तर कालवड गाभण गायींपासून पूर्ण तोडा: दावण, पाण्याची बादली, सगळं वेगळं. तिला भरवू नका. यावर औषध नाही आणि लस देऊन ती बरी होणार नाही. कर्नाटकात 2020 चा गोहत्या प्रतिबंध कायदा असल्यानं परस्पर कत्तलीचा विचार नको. पुढचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. बाजारात मुकाट विकलीत तर तुमचं दुखणं खानापूर-हुक्केरीच्या कोणाच्या तरी गोठ्यात जाईल.

दुधाचं म्हणाल तर हा विषाणू माणसाला लागत नाही. उकळून प्या. पण टाकलेला गाभ आणि वार उघड्या हातानं उचलू नका. एका तपासणीवर ब्रुसेला नाहीच असं धरून चालत नाही, आणि तो माणसाला लागतो. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका.