नावडतीचं मीठ अळणी

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, कोणती भाषा शिकायची म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते? पत्रांचा ढीग झाला. पुण्यात २७ वर्षं मी जपानी शिकवलं. त्याआधी एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करत असे. त्यामुळे भाषेवर रुसलेली माणसं मला नवीन नाहीत. त्यातली पाच पत्रं घेते.

मुलीला परकीय भाषा घ्यायची आहे, जर्मन किंवा जपानी. आमच्या जाऊबाई म्हणतात, जपानी ही जगातली सगळ्यात अवघड भाषा, पोरगी अर्ध्यात सोडेल. काय करू? (एक आई, डोंबिवली)

जाऊबाईंनी बहुतेक ती अमेरिकन यादी पाहिली असणार. तिथलं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं आणि कुठल्या भाषेला किती तास लागतात याचा हिशेब ठेवतं. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना साधारण २२०० तास. पण त्याच यादीत हिंदीला ११०० तास आहेत! तुमच्या मुलीला हिंदी यायला किती तास लागले? कार्टून बघता बघता आली असेल. ती यादी इंग्रजीत वाढलेल्यांची आहे, आपण तिला कशाला घाबरायचं?

पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहायचे, 'वाताशि नो कासा'. माझी छत्री. 'वाताशि' म्हणजे मी, 'कासा' म्हणजे छत्री, आणि मधला 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'किमासु' म्हणजे येतो. आता 'येतो का?' कसं विचाराल? 'किमासु का?' इथे दर वर्षी वर्ग हसायचा, आणि पुढचे दोन आठवडे सगळ्यांना वाटायचं, जपानी म्हणजे डाव्या हाताचा मळ.

गळती लागायची ती दुसऱ्या महिन्यात. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची ४६-४६ अक्षरं पोरं हसत पाठ करतात. मग कांजी येते, म्हणजे चिनीतून घेतलेली चिन्हं. रोजच्या वापरासाठी म्हणून सरकारने ठरवलेल्या यादीतच २१३६ चिन्हं आहेत, आणि बहुतेक चिन्हांचे उच्चार एकाहून जास्त. त्यात मोजणी. छत्री, पेन्सिल, बाटली, केळं अशा लांबुळक्या वस्तू मोजायच्या तर इप्पोन, निहोन, सान्बोन. कागद असेल तर इचिमाइ, निमाइ. इंजिनिअरिंगचा एक मुलगा वही मिटून म्हणाला, "मॅडम, केळं खायचं की त्याचा आकार बघत बसायचं?" पुढच्या तासाला तो आला नाही. त्याची वही अजून माझ्याकडे आहे.

जर्मनमध्ये लिपीची कटकट नाही, पण प्रत्येक नामाचं लिंग पाठ करावं लागतं. सूर्य बाई, चंद्र बुवा, आणि मुलगी चक्क नपुंसक. इंग्रजी माणूस यावर डोकं धरून बसतो. आपण 'ते पोर' म्हणतच मोठे झालो, त्यामुळे तीन लिंगांचा धक्का आपल्याला बसत नाही. २१ ला ते 'एक आणि वीस' म्हणतात, आपणही एकवीसच म्हणतो.

तेव्हा मुलीला विचारा, चित्रं काढायला आवडतात का. आवडत असतील तर जपानी. जाऊबाईंना विचारू नका.

तुम्ही सगळ्यांना भाषा शिका म्हणता. तुम्हाला स्वतःला कुठली भाषा शिकायला अजिबात आवडणार नाही? खरं सांगा. (कॉलेजचा विद्यार्थी, सांगली)

खरं सांगायचं तर दोन.

चिनीचा वर्ग मी वयाच्या ५८ व्या वर्षी लावला. कांजी येत होती, म्हणजे निम्मी लढाई जिंकली अशा तोऱ्यात गेले. झालं उलटंच. जपानीत 'तेगामि' म्हणजे पत्र. तीच दोन चिन्हं चिनीत लिहिली की होतो टॉयलेट पेपर. जपानीत 'मुसुमे' म्हणजे मुलगी, चिनीत त्याच चिन्हाचा अर्थ आई. आणि 'बेंक्यो', म्हणजे अभ्यास, हा शब्द तर मी २७ वर्षं वर्गात रोज उच्चारला. चिनीत ती दोन चिन्हं 'मनाविरुद्ध, ओढूनताणून' या अर्थाने वापरतात. मला तर तेच जास्त पटलं. पण वर्ग सोडला तो सुरांमुळे. 'मा' एका सुरात आई, दुसऱ्या सुरात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या घालणं. माझा उजवा कान कमी ऐकतो. मी आईला हाक मारायचे आणि बाई म्हणायच्या, घोडा. तीन महिन्यांत उठले.

दुसरी तेलुगू. यात तेलुगूचा काडीचा दोष नाही. मी सोलापूरची. आमचं घर पूर्व भागाला लागून, आजूबाजूला तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटखट. शेजारच्या मुलीशी माझी गट्टी होती. मराठी ती माझ्यासारखंच बोलायची. नऊ वर्षांची असताना एकदा आईने नवीन शिवलेला परकर घालून मी त्यांच्याकडे गेले. तिच्या आईने माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हटलं. मला त्यातलं 'ई पिल्ला' एवढंच कळलं, ही पोरगी. ओसरीवरच्या चारही बायका हसल्या. मैत्रीणही हसली. काय म्हणाल्या हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं."

परकर छान आहे असंही म्हणाल्या असतील. पण गेली पन्नासेक वर्षं कुठे तेलुगू कानावर आलं की माझा हात आपोआप कमरेशी जातो, नाडी नीट आहे ना बघायला. पुण्यात तेलुगू शिकायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा मला काहीतरी काम निघालं. वेडेपणा आहे, कळतं मला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं बंगळूरला आहे. कन्नड शिकायची इच्छाच होत नाही. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे 'कन्नड शिका' म्हणतात, त्याचाच राग येतो. (एक वाचक, बंगळूर)

बाई गं, हेच वाक्य मुंबईत राहणारा एखादा बाहेरगावचा माणूस मराठीबद्दल लिहू शकेल, तेव्हा आपण काय म्हणतो?

पण राग खरा आहे, आणि रागावलेल्या माणसाच्या हातात व्याकरणाचं पुस्तक देण्यात अर्थ नाही. लिपी सध्या बाजूला ठेवा. चार शब्द घ्या: एष्टु (किती), बेकु (हवं), बेड (नको), स्वल्प (थोडं). भाजीखरेदी एवढ्यावर होते. तूप आणि अडकित्ता हे शब्द कन्नडमधूनच आपल्या घरात आलेत, म्हणजे सुरुवात तुम्ही कधीच केली आहे. वॉचमनला मात्र उद्या सकाळी त्याने सांगायच्या आत 'ऊट आयता?' विचारा. जेवण झालं का? सकाळी आठला विचारलंत तर तो हसेल, हसू द्या.

दहावीला संस्कृतमध्ये ९८ मार्क होते. आज एक वाक्य बोलता येत नाही. परत शिकू का? (नाशिक)

देवः देवौ देवाः पाठ आहे ना? मग ती भाषा तुम्ही शिकला नव्हताच, मार्क मिळवले होते. हवं असेल तर आता पहिल्यांदा शिका.

नातू ११ वर्षांचा, न्यू जर्सीत असतो. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जायला नकार देतो, म्हणतो मराठी 'बोअरिंग' आणि 'टू हार्ड'. काय करावं? (आजोबा, सातारा)

अवघड आहे हे आधी कबूल करा. चाक आणि चंद्र यांतला च वेगळा, आणि तो कागदावर दिसत नाही. आणि आकडे! एका जपानी इंजिनिअरच्या बायकोला मी मराठी शिकवत होते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे एकाखाली एक लिहून तिने स्वतःच नियम शोधला, पुढच्या दहाला एक कमी. एकोणनव्वदपर्यंत न अडखळता गेली आणि मग मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाली, "एकोणशंभर." नव्याण्णव म्हणतात हे सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि पाच मिनिटं नुसता चहा प्यायली.

शाळेचा हट्ट तूर्त सोडा. दर रविवारी फोनवर हा खेळ त्याच्याशी खेळा. एकोणीसपासून सुरू करा, दहा-दहाने पुढे जा, नियम त्याला शोधू द्या. शेवटी तो 'एकोणशंभर' म्हणाला तर तुम्ही हसू नका, आणि मागे आजी असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा.