'डेट करणे'ला मराठी शब्द? आधी 'लग्न' शब्द नीट बघा

प्रश्न असा आला आहे : "माझी भाची म्हणते, 'मी एकाला डेट करतेय.' याला मराठीत काय म्हणायचं? 'प्रेमप्रकरण' चालेल का? आणि 'डेटवर जाणं' आणि 'डेट करणं' एकच का?"

'प्रेमप्रकरण' मुळीच चालणार नाही. कॉलेजातली दोन मुलं दोनदा कॉफी प्यायली की बातमीदार लगेच 'प्रेमप्रकरण' लिहून मोकळे! प्रकरणाची फाइल होते, चौकशी होते आणि शेवटी ते मिटवावं लागतं. लफडं, भानगड, प्रकरण हे सगळे शब्द तक्रार घेऊन आलेल्या तिसऱ्या माणसाचे आहेत. त्या दोघांनी स्वतःबद्दल काय म्हणायचं?

'पटवणे' म्हणावं, तर कर्ता तो आणि कर्म ती. 'फिरवणे'चं तेच. 'ती त्याच्याबरोबर फिरते' यात ती कर्ता झाली खरी, पण हे वाक्य शेजारीण आवाज खाली आणून बोलते. 'त्यांचं जमलंय' हा प्रयोग सभ्य, पण त्यात दोघंही कर्ते नाहीत. पाऊस पडावा तसं आपोआप जमलं. याउलट 'मी त्याला डेट करतेय' यात मुलगी सरळ कर्ता आहे, आणि त्याच्या तोंडी 'मी तिला डेट करतोय' झालं तरी कुणाची पायरी खालीवर होत नाही. पोरं इंग्रजीच्या नादी लागली म्हणून हा शब्द आला, असं ज्यांना वाटतं त्यांनी वरच्यापैकी एखादं मराठी क्रियापद घालून हेच वाक्य मुलीच्या तोंडून तिच्या आईसमोर वदवून दाखवावं.

शुद्धीवाल्यांचा एक तोडगा 'दिनांकन' असा आहे. सावरकरांनी 'तारीख'साठी 'दिनांक' दिला, तो रुजला, छान झालं. पण म्हणून 'ती त्याला दिनांकित करत आहे'? दिनांकित धनादेश असतो. दुसरा तोडगा 'प्रियाराधन'. आराधना एकानं करायची असते आणि दुसऱ्यानं फक्त प्रसन्न व्हायचं असतं. तेही इथं लागू नाही.

आता खरी गंमत. इंग्रजी 'डेट' आला लॅटिन 'दाता'वरून, म्हणजे 'दिलेली'. रोमन लोक पत्रावर 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिली' असं लिहीत. त्यातला 'दिली' उचलला गेला आणि त्याचा अर्थ 'तारीख' झाला. (खजुराचा 'डेट' वेगळा. तो ग्रीकमधल्या 'बोट' या अर्थाच्या शब्दावरून आला; त्याला यात ओढू नये.) लॅटिनचा हा धातू आणि आपला 'दा' एकाच मूळ घराण्यातले. दत्त, दान, दाता, सगळे त्याचे भाऊबंद. आणि कन्यादानही! 'मी काय दान करायची वस्तू आहे का?' असं घरी ठणकावून जी मुलगी स्वतःचा जोडीदार स्वतः शोधायला निघते, तिच्या तोंडचा 'डेट' हा दानाचाच चुलतभाऊ निघावा, याहून मोठी मौज नाही.

'डेट'चा भेटीगाठींचा अर्थ अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. शिकागोचे वर्तमानपत्री लेखक जॉर्ज एड यांच्या १८९६ च्या लिखाणातला एक तरुण कारकून आपल्या मैत्रिणीला कुरकुरत विचारतो, की माझ्या सगळ्या तारखा आता तो दुसराच भरतोय वाटतं? इथं 'डेट' म्हणजे अजून वहीतली तारीखच आहे. पुढे तारखेचा अर्थ त्या तारखेची भेट झाला, मग भेटीला येणारी व्यक्ती, आणि शेवटी 'करणे' जोडून चालू असलेलं नातं.

हुबेहूब हाच प्रवास 'लग्न' या शब्दानं केला आहे. 'लग्न म्हणजे दोन जीवांचं एकमेकांना लागणं' ही व्युत्पत्ती सूत्रसंचालक अक्षतांच्या आधी हमखास ऐकवतात. गोड आहे आणि चुकीची आहे. धातू 'लग्' हे खरं, पण लागलेली असते ती रास, पूर्व क्षितिजाला. क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेचा, जो बिंदू त्या क्षणी उगवत असतो तो लग्न. साधारण दोन तासांनी रास बदलते, दिवसभरात बाराही राशी उगवून जातात. पुरावा हवा? पाळण्यातल्या बाळाच्या कुंडलीतही 'लग्नी शनी' असतो. त्या बाळाचं कुणाशी जुळलंय?

त्या उगवत्या बिंदूवरून शुभ वेळ, वेळेवरून विधी आणि विधीवरून आयुष्यभराचा संसार, अशी 'लग्न'ची वाटचाल. वेळ चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली वाटी, ती चोवीस मिनिटांत भरून बुडायची. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तिथला. म्हणजे 'लग्न' आणि 'डेट' हे दोन्ही शब्द मुळात घड्याळाचे. 'डेटिंग आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणाऱ्यांचं काय ते असो. शब्द तरी आपल्या घरच्या शब्दासारखाच वागला.

या घरात बेसूर आहे तो 'स्थळ'. चालतंबोलतं माणूस, आणि त्याला म्हणायचं जागा! चांगलं स्थळ, नाकारलेलं स्थळ, तोलामोलाचं स्थळ. माणसापेक्षा त्याचं घर, गाव, जात बघायची असल्यावर दुसरा कुठला शब्द सुचणार? आणि हे स्थळ कुठेही गेलेलं नाही. २०१८ मध्ये लोक फाउंडेशननं देशभरातल्या १,६०,००० हून अधिक कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के विवाहितांनी आपलं लग्न घरच्यांनी ठरवल्याचं सांगितलं. पण हल्ली एक नवंच वाक्य कानावर येतं : "स्थळ चांगलं आहे, पण आधी सहा महिने डेट करतो, मग सांगतो." पूर्वी कांदेपोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार-नकार मनात ठरायचा, आता स्थळालाच तारखा मागितल्या जातात. स्थळ आणि काळ दोन्ही एका वाक्यात, आणि मोडतोड न होता. भाषेतला बदल बघायचा तर इथं बघा. 'डेट'ला प्रतिशब्द शोधत बसू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच. 'डेटवर गेली' म्हणजे एकदा भेटली, पुढचं काही सांगता येत नाही. 'डेट करतेय' म्हणजे भेटी वाढल्या आहेत. आणि ती हे तुम्हाला आपणहून सांगत असेल, तर शब्द तिचाच राहू द्या आणि त्याचं नाव विचारा.