विद्यापीठातल्या अ‍ॅनालिटिकल आणि पर्यावरण रसायनशास्त्राच्या संशोधन गटात कोण कोण असतं? नव्याने आलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने काम कुणाकडून शिकावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की गटाच्या यादीत आधी प्राध्यापक, मग पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावर काही वर्षं संशोधन करणारे), मग पीएचडीची मुलं, मग एमएस्सीची मुलं, आणि अगदी तळाला 'तांत्रिक साहाय्य' या मथळ्याखाली एकच नाव दिसतं. त्या एका माणसाचं काम काय असतं ते कळलं नाही, असंही लिहिलंय. त्या तळाच्या जागेवर मी 19 वर्षं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी बाकीच्यांचं उरकते. सर अनुदान आणतात, विषय ठरवतात आणि हस्तलिखितं तपासतात. यंत्राला हात लावून त्यांना बरीच वर्षं झालेली असतात. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांच्या करारावर येतो. पुढच्या नोकरीची काळजी त्याच्या मागे लागलेली असते, म्हणून त्याला सगळं कालच हवं असतं. पीएचडीची मुलं नमुने आणतात, गाळतात, आम्लात तापवून विरघळवतात, मोजतात आणि चौथ्या वर्षापर्यंत तत्त्वज्ञ होतात. एमएस्सीची मुलं यंत्राशी ओळख होते न होते तोच निघून जातात. राहते ती मी, आणि माझं आयसीपी-एमएस, म्हणजे पाण्यातले अगदी थोडे धातू मोजणारं यंत्र.

काम कुणाकडून शिकावं? यंत्र जो सांभाळतो त्याच्याकडून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. का, ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. नदीतल्या धातूंवर काम. 24 ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या: एक न गाळलेली, एकूण धातूंसाठी; दुसरी 0.45 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून तिथल्या तिथे गाळलेली, विरघळलेल्या धातूंसाठी. पोरगी मेहनती. बाटल्या आठवडाभर आम्लात भिजवून धुतलेल्या, लेबलं नीट, थंड पेटी, सगळं वेळच्या वेळी. यंत्रावर सगळे नमुने मोजून झाले, म्हणजे रन झाला, आकडे आले, आणि जस्ताचा रकाना बघून मी थांबले. एका ठिकाणी एकूण जस्त लिटरला 4 मायक्रोग्रॅम, आणि विरघळलेलं 14. पुढच्या ठिकाणी 3 आणि 9. म्हणजे अख्ख्या घरात चार माणसं, आणि त्यातल्या एका खोलीत चौदा. तांबं, निकेल, शिसं मात्र जिथल्या तिथे.

गटाच्या बैठकीला मला एरवी बोलावत नाहीत. त्या दिवशी बोलावलं. पोस्टडॉकने पडद्यावर तक्ता लावला आणि सगळ्यांसमोर पहिलं वाक्य टाकलं, "यंत्र ड्रिफ्ट होतंय. कोन शेवटचे कधी साफ केले होते?" ड्रिफ्ट म्हणजे यंत्राचं मोजमाप हळूहळू सरकणं, आणि कोन म्हणजे यंत्राच्या तोंडाशी असलेले धातूचे शंकू. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती मुलगी वहीत बघत बसली.

नोंदवही मी बरोबर नेली होती. कोन साफ केल्याची तारीख, टॉर्चची (प्लाझ्मा पेटतो त्या नळीची) तारीख, नेब्युलायझर (नमुन्याचा फवारा करणारा भाग) बदलल्याची तारीख, सगळं त्यात असतं. यंत्र स्थिर आहे का ते कळावं म्हणून प्रत्येक नमुन्यात सारखंच घातलेलं ऱ्होडियम रनभर 96 ते 103 टक्क्यांत होतं. दर दहा नमुन्यांनी लावलेलं चेक स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या आकड्याचं द्रावण, जागेवर. नदीच्या पाण्याच्या प्रमाणित संदर्भ नमुन्यात असायला हवं त्याच्या 98 टक्के जस्त मिळालं. प्रयोगशाळेतला ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी मोजलेलं शुद्ध पाणी, 0.1 च्या खाली. ड्रिफ्ट असता तर तो एकट्या जस्ताला आणि तेही फक्त गाळलेल्या बाटल्यांत कसा गाठेल? मग पोस्टडॉकने दुसरा मोहरा पुढे केला: पाण्यात गंधक आहे, आणि जस्त ज्या 66 या वस्तुमानावर मोजतो तिथेच त्याचे बहुआण्विक आयन चढतात, म्हणजे जस्त असल्यासारखे मोजले जातात. चढतात, खरं आहे. पण नदी तीच, गंधक तेच, आणि दोन्ही बाटल्या एकाच मिनिटाला भरलेल्या. एकीत चढेल आणि दुसरीत नाही, असं होईल का?

हे मी जसं इथे लिहिलंय तसंच बोलले. थोडं मोठ्याने बोलले असेन.

त्यावर त्याने काढलेला तोडगा मी अजून विसरलेले नाही. "गाळलेल्यांतून सरसकट 8 वजा करू आणि पुढे जाऊ." कारण त्याच्याकडे एक आलेख तयार होता: पाणी जितकं गढूळ, तितकं विरघळलेलं जस्त जास्त. देखणी सरळ रेष. गाळातून जस्त सुटतंय, अशी अख्खी गोष्ट त्या रेषेवर उभी राहिली होती, आणि सरसकट आकडा वजा केला तर रेष फक्त खाली सरकते, मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, नदीवर काय करतेस ते इथे करून दाखव. बोलू नकोस, फक्त कर. तिने सिरिंजचं पाकीट फाडलं, पाणी ओढलं, फिल्टर लावला, दाबलं. आणि मग म्हणाली, "गढूळ ठिकाणी फिल्टर तुंबतो, मग अर्धी सिरिंज तशीच धरून थांबावं लागतं. कधी कधी 15 मिनिटं."

मी तिच्या हातातली सिरिंज घेतली. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर होतं.

रबर व्हल्कनाइझ करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात, हे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कुठे ना कुठे वाचलेलं असतं. परीक्षेत लिहितात, आणि नदीवर त्याच रबरातून पाणी गाळतात. गढूळ पाणी रबराला जास्त वेळ चिकटून बसत होतं. आलेखातली सरळ रेष गढूळपणाची होती, तशीच घड्याळाचीही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघींनी तपासलं. 18.2 मेगाओहमचं, म्हणजे अतिशुद्ध पाणी, त्याच खोक्यातल्या सिरिंजा. भरून लगेच रिकामी केली: जस्त लिटरला 1.9 मायक्रोग्रॅम. पाच मिनिटं ठेवली: 6. वीस मिनिटं: 13. मग रबर नसलेली, दोन भागांची अख्खी प्लास्टिकची सिरिंज, तीही वीस मिनिटं: ब्लँकइतकंच. मी छापील कागद पोस्टडॉकच्या टेबलावर ठेवून घरी गेले. मी चिठ्ठी लिहिली नाही. लिहायला हवी होती, असं आता वाटतं.

आता खरी दुखरी जागा. फील्ड ब्लँक घेतला असता तर पहिल्याच दिवशी हे उघडं पडलं असतं. शुद्ध पाण्याची बाटली नदीवर न्यायची, तिथेच त्याच सिरिंजने, त्याच फिल्टरमधून गाळायची आणि नमुन्यांसारखीच परत आणायची. त्या मुलीने आधी विचारलं होतं. "लॅबचा ब्लँक पुरे, बाटल्या वाया घालवू नकोस," हे तिला कुणी सांगितलं होतं ते तुम्ही ओळखलं असेलच. आणि सरसकट वजा करण्याबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे: दूषण स्थिर असेल तरच ब्लँक वजा करण्याला अर्थ. ते 2 पासून 13 पर्यंत हेलकावत असेल, तर सरासरी वजा करून तुम्ही चूक पुसत नाही, तिला आकड्यात मुरवता.

अशा दूषणाची गोष्ट निघाली की शिशाच्या बाबतीत भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पृथ्वीचं वय काढताना त्याला प्रयोगशाळेतलंच शिसं आड आलं, आणि ते हटवल्यावर 1956 साली 4.55 अब्ज वर्षं हा आकडा आला. जस्ताचं मात्र कुणी शिकवत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या जस्ताचे कित्येक वर्षांचे आकडे असेच नळ्यांचे, बाटल्यांचे, जहाजाचे होते. 1978 मध्ये समुद्राच्या पाण्याचा रसायनशास्त्रज्ञ ब्रुलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ईशान्य पॅसिफिकमधलं जस्त स्वच्छपणे मोजलं, तेव्हा पृष्ठभागावर ते आधीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी निघालं, आणि खोलीनुसार, समुद्रातल्या सिलिकेट या पोषकद्रव्यासारखं, वाढत गेलं. म्हणजे समुद्रात एक सुसंगत गोष्ट चालू होती आणि ती आपल्याच रबराखाली झाकली गेली होती. हे मी त्या बैठकीत सांगू शकले नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर वाचलं. चीड आली की मी वाचते.

पुढे काय झालं? 24 ठिकाणांचे नमुने पुन्हा आणले. विरघळलेलं जस्त 1 ते 3 च्या मध्ये आलं, एकूणापेक्षा कमी, जिथे असायला हवं तिथे. सरळ रेष गेली. शोधनिबंध तांब्यावर लिहिला गेला आणि चांगला लिहिला गेला, ते मी नाकारत नाही. त्याच्या पद्धतीच्या भागात एक ओळ आहे: 'नमुने रबरविरहित सिरिंजने गाळले.' ती ओळ माझी आहे. शेवटी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' आहेत, नाव न घेता. मी विचारलं. सर म्हणाले, लेखकत्व बौद्धिक योगदानासाठी असतं. पोस्टडॉक म्हणाला, "यंत्र चालवणं हे त्यांचं कामच आहे." यंत्र चालवणं माझं काम आहेच. सिरिंजचं टोक बघणं कुणाचं होतं?

आता बरीच नियतकालिकं क्रेडिट नावाची योगदानांची यादी भरायला लावतात. तिच्यात 14 भूमिका आहेत. 'पडताळणी' ही त्यातली एक. हुद्दा तिच्यात कुठेच नाही. तुम्ही पहिला निबंध लिहाल तेव्हा ती यादी शेवटच्या रात्री भरू नका आणि एकट्याने भरू नका.

तर गट निवडायला जाल तेव्हा प्रकल्पाबद्दल सर सांगतीलच, ते विचारायला नको. यंत्राच्या खोलीत जा आणि नोंदवही बघायला मागा. गेल्या महिन्याच्या पानावर बिघाड लिहिलेला असेल तर चांगलं. सहा महिने काहीच बिघडलेलं नसेल तर तिथे कुणी लिहितच नाही. त्यांचे निबंध चाळून फील्ड ब्लँकचे आकडे दिलेत का बघा. आणि तांत्रिक साहाय्यकाचं नाव एकाही निबंधात, निदान आभारात, नावानिशी दिसलं नाही तर त्या गटात तुमच्या बाटल्याही कुणी मोजणार नाही.

थोडं माझ्याविरुद्धही लिहिते, नाहीतर त्या पोस्टडॉकवर अन्याय होईल. अनिश्चिततेचं गणित मला त्यानेच शिकवलं, आणि ते तो उत्तम शिकवायचा. सगळे पोस्टडॉक तसे नसतात. सगळे तांत्रिक साहाय्यकही माझ्यासारखे बडबडे नसतात. काहीजण यंत्रावर नागासारखे बसतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. तसा कुणी भेटला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पीएचडीची मुलगी गाठा, तिने त्याच्याकडून चोरून शिकलेलं असतं. आणि मीसुद्धा एकदा बोरॉनचे स्टँडर्ड बोरोसिलिकेट काचेच्या फ्लास्कमध्ये बनवून अख्खा आठवडा घालवलाय. त्या आठवड्याचं पान नोंदवहीत आहे, फाडलेलं नाही.

हे सगळं धातूंपुरतं. तुमचा विषय कीटकनाशकं किंवा औषधांचे अंश असा सेंद्रिय असेल तर माझं निम्मं ऐकू नका. आम्ही धातूवाले काच टाळून प्लास्टिक वापरतो, ते प्लास्टिक टाळून 450 अंशांवर भाजलेली काच वापरतात, आणि एकाच फ्रीजमध्ये दोघांच्या बाटल्या ठेवायची वेळ आली की भांडण ठरलेलं. पीएफएएसवर (टेफ्लॉनच्या कुळातल्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर) काम असेल तर आणखी वेगळं: मला टेफ्लॉनची बाटली सोन्यासारखी वाटते, त्यांच्या खोलीत ती नेली तर हाकलून देतात. तुमचं काम त्यातलं असेल तर एलसी-एमएस, म्हणजे असे सेंद्रिय अंश मोजणारं यंत्र, सांभाळणाऱ्या माणसाला शोधा. त्याचंही नाव यादीत तळालाच असेल.