वाचकांचे प्रश्न : डिझेलचा लोको आणि विजेच्या मोटारी

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना नेब्रास्कात युनियन पॅसिफिक कंपनीची कोळशाची लांबलचक मालगाडी पाहिली. पुढे दोन लोको (रेल्वे इंजिने) होते आणि अगदी शेवटी एक. त्या शेवटच्या लोकोत मात्र माणूस दिसला नाही. हे लोको डिझेलवर चालतात, तर त्यांच्या चाकांना विजेच्या मोटारी कशासाठी? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : डिझेल इंजिन थांबलेल्या अवस्थेतून भार उचलू शकत नाही. आधी ते सुरू होऊन फिरू लागावे लागते आणि पूर्ण ताकद वरच्या वेगालाच मिळते. ट्रकमध्ये ही अडचण क्लच आणि गिअर सोडवतात. परंतु अशा लोकोची 4,400 अश्वशक्ती गिअरमधून सहा ॲक्सलपर्यंत (चाकांच्या आसांपर्यंत) पोहोचवणे आणि हजारो टनांची गाडी जागची हलेपर्यंत क्लच घसरत ठेवणे व्यवहारात परवडणारे नाही. विजेच्या मोटारीचे नेमके उलट असते, कारण जागेवरून सुटतानाच तिचा जोर सर्वाधिक असतो. म्हणून लोकोच्या पोटातले डिझेल इंजिन चाकांना जोडलेलेच नसते. ते अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे जनित्र, फिरवते, आणि त्यातून निघालेली वीज ॲक्सलवरच्या मोटारींना मिळते. चालक आठ नॉचच्या (टप्प्यांच्या) हँडलने या विजेचा पुरवठा कमीजास्त करतो.

लोकोची खरी ओढ अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या विजेच्या भागावर ठरते, हे माझे ठाम मत आहे, आणि त्याला चांगला आधारही आहे. अमेरिकेतील बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वे कंपनीने 1993 मध्ये एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) मोटारींचे, एसडी70मॅक नावाच्या प्रकारचे 350 लोको मागवले. वायोमिंगच्या कोळसा गाड्यांवर 3,000 अश्वशक्तीच्या पाच जुन्या लोकोंचे काम यांपैकी 4,000 अश्वशक्तीचे तीनच करू लागले. एकूण शक्ती 15,000 वरून 12,000 वर आली, तरीही गाडी चढ चढत होती. जुन्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) मोटारी संथ गतीत फार वेळ ओढत राहिल्या की तापून निकामी होत. एसी मोटारींना तो धोका फारच कमी, शिवाय चाके रुळावर घसरू न देण्याचे नियंत्रणही त्यांच्यात अधिक काटेकोर ठेवता येते. उतारावर याच मोटारी जनित्र बनून गाडीला रोखतात. त्यांतून निर्माण झालेली वीज छतालगतच्या रोधकांमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ती उष्णता पंखे बाहेर फेकतात.

शेवटचा लोको पुढच्या चालकाच्या रेडिओ-संदेशावर चालतो. सगळी ओढ पुढूनच लावली तर पुढच्या डब्यांच्या कपलिंगांवर (डबे जोडणाऱ्या आकड्यांवर) अतोनात ताण येतो. शिवाय ब्रेकच्या नळीतली हवा दोन्ही टोकांकडून हलल्यामुळे लांब गाडी लवकर आवरता येते.

प्रश्न : असे लोको रेल्वे कंपन्या स्वतः बनवतात का? भारतातल्या लोकोंशी त्यांचे काही नाते आहे का? – एक वाचिका, मिरज

उत्तर : नवे लोको त्या विकत घेतात; जुन्यांची पुनर्बांधणी मात्र स्वतःही करतात. 2015 पासून अमेरिकेत नव्या लोकोंच्या धुरावर कडक मर्यादा आल्यानंतर या पुनर्बांधणीला मोठा जोर आला.

मालवाहतुकीत डिझेल स्थिरावले ते जनरल मोटर्सच्या ईएमडी या लोको बनवणाऱ्या विभागाच्या एफटी प्रकारच्या लोकोमुळे. 1939 पासून त्याने 11 महिन्यांत सुमारे 1 लाख 35 हजार किलोमीटरचा प्रात्यक्षिक दौरा केला. पहिली मोठी गिऱ्हाईक ठरली सांता फे ही रेल्वे कंपनी, कारण वाळवंटात तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळवणे हीच विवंचना होती.

भारतात मात्र आधी आला अल्को या अमेरिकी कंपनीचा लोको. आपल्या रेल्वेचा डब्ल्यूडीएम-2 हा लोको त्याच घराण्यातला; वाराणसीच्या कारखान्यातून तो 1964 पासून बाहेर पडू लागला. अल्को विजेची सामग्री जनरल इलेक्ट्रिककडून घेत असे. पुढे जनरल इलेक्ट्रिकने स्वतःचेच मोठे मालवाहू लोको बाजारात आणले. ज्याच्या हाती मोटारी आणि अल्टरनेटर, तोच प्रतिस्पर्धी झाल्यावर अल्कोला टिकणे अवघड होते. 1969 मध्ये तिने लोको बनवणे थांबवले, पण तिचे आराखडे वाराणसीत पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

वाराणसीतच नंतर ईएमडीच्या आराखड्यावरचा डब्ल्यूडीजी-4 हा मालवाहू लोको तयार होऊ लागला. जनरल इलेक्ट्रिकला 2015 मध्ये 1,000 लोकोंची मागणी मिळाली, ते बिहारमधील मढौऱ्याला तयार होतात. मालक मात्र दोन्हीकडे बदलले : ईएमडी 2010 मध्ये कॅटरपिलरकडे गेली, तर जनरल इलेक्ट्रिकचा लोको विभाग 2019 मध्ये वॅबटेक या रेल्वे सामग्रीच्या कंपनीत विलीन झाला. त्यामुळे मढौऱ्याचा कारखाना आज वॅबटेकच्या नावाने चालतो, आणि 2025 पासून तिथले लोको आफ्रिकेतील गिनीलाही जाऊ लागले आहेत.